जिवंताची पट्टी

२ सप्टेंबर, लोम

पोचलो एकदाचे! दोन बॅगा, एक जिरेनियमची कुंडी आणि माझी लेक दारिना, एवढा संसार सोफियाच्या बसमधून उतरवला. घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डॅन्यूब दिसते आणि पलीकडे रुमेनियातली झाडं. दारिनाला वाटलं होतं परदेश वेगळ्या रंगाचा असेल, ती जरा हिरमुसली.

बॅगेचं कुलूप उघडायच्या आत खालच्या मजल्यावरच्या स्तानकामावशी चीज भरलेल्या गरम बानित्साचं ताट घेऊन हजर. नवरा कुठंय, म्हणून पहिलाच प्रश्न. सोफियात आहे आणि तिथंच राहणार आहे, असं सांगितल्यावर म्हणाल्या, बरं झालं रालित्सा, कपडे कमी धुवायला लागतील. त्यांचे यजमान वेल्कोआजोबा सत्तरी पार केलेले, पण कुंडी त्यांनीच वर आणली. धापा टाकत होते आणि वर मलाच दटावत होते की सोफियाच्या पोरींना जिने चढता येत नाहीत.

दारिना आठ वर्षांची आहे. नवीन माणसाशी चार दिवस तोंड उघडत नाही. आजोबांनी तिला कान हलवून दाखवले आणि ती खुदकन हसली. हे हसणं ऐकून किती महिने झाले होते! मला भरूनच आलं. इथं आमचं बस्तान बसणार असं वाटतंय.

४ सप्टेंबर

नोकरीचा पहिला दिवस. चर्चच्या मागच्या बोळात, फुलवाल्याच्या शेजारी पेन्चोकाकांचं दुकान आहे. खांबांवर आणि दारांवर लावायची निधनपत्रकं छापायची, पुष्पचक्रांच्या फितींवर नावं घालायची, कबरीवरच्या पाट्या करायच्या. सोफियातल्या मैत्रिणींनी नाकं मुरडली. मुरडोत! सहा वर्षं मी संगणकाच्या मदतकेंद्रात बसून लोकांना फोनवर 'बंद करून परत चालू करून बघा' एवढंच सांगत होते. इथं निदान माणसं समोर दिसतात.

पेन्चोकाका अंगानं भरलेले आणि सदा हसरे. म्हणाले, इतर धंद्यात गिऱ्हाईक परत येईल का याची काळजी, आपल्याकडे चाळिसाव्या दिवशी येतं, सहामाहीला येतं, वर्षश्राद्धाला येतं, फक्त फोटोतला माणूस बदलत नाही.

टेबलावर लॅपटॉप आणि शेजारी भलामोठा मॉनिटर. रडणाऱ्या नातेवाइकांना लॅपटॉपवर वाकावं लागू नये म्हणून काकांनी तो जुन्या बाजारातून आणला होता. पण लावल्यापासून त्यावर काही धड दिसत नव्हतं. अक्षरं दुधात बुडवल्यासारखी, कडा चारी बाजूंनी कापलेल्या, खालची पट्टी अर्धी गायब. आधीच्या बाई, त्स्वेताना, वसंतात वारल्या. त्यांनी त्याला शेवटपर्यंत हात लावला नाही. काकांनी त्यावर कॅलेंडर टांगलं होतं.

मी कॅलेंडर उतरवलं आणि बाह्या सरसावल्या. आधी रिझोल्युशन. लॅपटॉप आपलं लहान माप मोठ्या पडद्यावर ताणून दाखवत होता. मॉनिटरचं स्वतःचं माप दिलं, अक्षरं खणखणीत झाली. मग कडा. त्या मॉनिटरच्याच बटणांत होत्या. तो स्वतःला टीव्ही समजून चित्र थोडं फुगवत होता आणि कडा बाहेर ढकलत होता. ते बंद केल्यावर चित्र काठोकाठ बसलं. राहिलं स्केलिंग. लॅपटॉपवर सगळं दीडपट मोठं करून दाखवायची सेटिंग, मॉनिटरवर आहे त्या मापाचं. प्रोग्रॅमची खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढली की भप्पकन लहान व्हायची. ते चालायचंच, म्हणून सोडून दिलं.

काका मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, सोफियाच्या बाई, हा तर मेलेला जिवंत केलात! शेजारच्या फुलवाल्याला बोलावून आणून दाखवलं. मी दिवसभर मिरवत होते.

१७ सप्टेंबर

इथली एक गंमत लिहून ठेवते. पत्रकासाठी माणसाचा एकट्याचा फोटो कुणाकडेच नसतो. आणतात ते लग्नातले, बारशातले, सहलीतले. मग शेजारी उभ्या असलेल्याला कापावं लागतं. त्स्वेतानाबाई कात्रीनं कापायच्या, आणि गेलेल्याचा तुकडा चिकटवून उरलेली पट्टी, म्हणजे ज्यात जिवंत माणूस आहे ती, त्याच माणसाच्या हातात द्यायच्या. या गावात तशीच रीत आहे. लोक ती पट्टी पाकिटात ठेवतात. मला कळेना, कुणाचा नवऱ्याबरोबरचा एकुलता फोटो असेल तर त्याचे दोन तुकडे का करायचे? मी फोटो अख्खा स्कॅन करते, पडद्यावर चौकट आखते, चौकटीबाहेरचं झाकलं जातं. फोटो जसाच्या तसा परत.

आज नुकत्याच गेलेल्या गेनाबाईंचे यजमान मारिन आले होते. पत्रकं घेतली, फोटो घेतला आणि तळहात पुढे करून उभेच राहिले. मी विचारलं, काय हवंय? म्हणाले, माझी पट्टी. मी समजावलं की कापायची गरजच नाही, संगणकानं केलंय. त्यांनी बराच वेळ फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, पोरी, कापलं असशील तर माझा तुकडा कुठाय, आणि तुकडा नसेल तर तू कापलं काय? काका हसले, मीही हसले. म्हातारे हसले नाहीत.

संध्याकाळी घरी जाताना खांबावर ते पत्रक पाहिलं आणि जीभ चावली. गेनाबाईंच्या कडेला राखाडी कोटाच्या खांद्याची एक पट्टी आली होती. मारिन यांचा खांदा. पडद्यावर नव्हती, शपथ घेऊन सांगते. हे त्या स्केलिंगचंच. पडद्यावर चौकट एकीकडे दिसते आणि प्रोग्रॅम ती धरतो दुसरीकडे. उद्या बघते त्याच्याकडे.

२८ सप्टेंबर

आज इमारतीच्या अंगणात ढोबळ्या मिरच्या भाजल्या. सगळ्यांच्या भट्ट्या एका रांगेत, बोळभर खमंग वास, हात काळे आणि डोळ्यांत पाणी. वेल्कोआजोबांनी दारिनाला सालं काढायला शिकवलं. ती आता त्यांच्या मागेमागेच असते. शाळेतून आली की आधी दुसऱ्या मजल्यावर आणि मग तिसऱ्यावर. स्तानकामावशींनी फोनवर आमचा फोटो काढला. मध्ये आजोबा, त्यांच्या डाव्या हाताला लोंबकळलेली दारिना, उजव्या बाजूला मी, आणि माझ्यापलीकडे नुसती भिंत. तिघंही दात काढून हसतोय. इतका छान फोटो आमचा कधीच आला नव्हता.

तिथंच कळलं की मारिन गेले. झोपेत. मावशी म्हणाल्या, बायकोशिवाय त्या माणसाला चहासुद्धा करता येत नव्हता, तो काय राहतोय मागे!

उद्या त्यांचं पत्रक करायचं. वाईट वाटलं, पण वय झालं होतं.

११ ऑक्टोबर

स्केलिंगनं डोकं खाल्लंय. आज नदीवरचा कोळी लाझार याचं पत्रक होतं. फोटोत तो आणि त्याचा भाऊ सिमो नावेत उभे आहेत, लाझार या टोकाला, सिमो त्या टोकाला, मध्ये जाळ्यांचा ढीग. म्हणजे कापायला भरपूर जागा. तरी छापून आलं तर कडेला सिमोचा हात, कोपरापर्यंत!

मग सगळे उपाय केले. दोन्ही पडद्यांना एकच स्केलिंग दिलं, बाहेर पडून परत आत आले. केबल बदलली. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला बजावलं की माप तू ठरवू नकोस. मदतकेंद्रात शिकलेलं सगळं करून झालं. परत छापलं तर हात खांद्यापर्यंत आला.

तोपर्यंत सिमो दारात. तीस-बत्तीसचा उंचापुरा गडी. मी माफी मागितली, म्हटलं परत करून देते. तो म्हणाला, राहू दे ताई, आम्ही नावेतही असेच एकमेकांच्या अंगावर पडायचो. त्यानंही जाताना पट्टी मागितली. मी नाही म्हटल्यावर खांदे उडवून गेला.

२२ ऑक्टोबर

सिमो बुडाला. नदी शांत होती, नाव जागेवर होती. फुलवाला म्हणाला की तो भावाच्या जागी जाऊन बसला होता आणि तिथूनच पाण्यात गेला.

जुनी फाइल उघडली. मॉनिटरवर चौकट काढून टाकली आणि अख्खा फोटो पाहिला. सिमो नावेच्या त्या टोकाला नाही. तो जाळ्यांच्या अलीकडे आहे, लाझारच्या खांद्याला खांदा लावून, आणि त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे नाही, भावाकडे आहे.

पहिला विचार आला की चित्र आडवं दाबलं गेलंय. रिझोल्युशन चुकलं की चेहरे चपटे होतात, माझ्या ओळखीची गोष्ट आहे. पण लाझारचा चेहरा जसाच्या तसा होता. खिडकी ओढून लॅपटॉपवर नेली तर सिमो परत त्या टोकाला, हसत. मॉनिटरवर आणली तर भावाला चिकटून.

मग गेनाबाईंची फाइल उघडली. मारिन यांचं डोकं बायकोच्या खांद्यावर होतं. मूळ फोटोत दोघं परक्यासारखी ताठ उभी आहेत, मी स्वतः तो स्कॅन केलाय.

पेन्चोकाकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, भाऊ भावाशेजारी उभा आहे, त्यात काय एवढं? आधी कुठं होता ते त्यांना आठवतच नव्हतं. मूळ फोटो तर घरचे घेऊन गेले.

२३ ऑक्टोबर

मॉनिटरची वायर काढली. त्यावर कॅलेंडर टांगलं. ड्रॉवर उपसून त्स्वेतानाबाईंची कात्री शोधली. आता प्रत्येक फोटोची प्रत काढते, गेलेला वेगळा, जिवंत वेगळा, आणि पट्टी कागदात गुंडाळून हातात. एका बाईंनी पट्टी घेताना माझा हात दाबला. काका टोमणे मारतात की सोफियाची बाई लोमची म्हातारी झाली. मारू देत. कात्री चालली की कागदाचा कर्रर्र आवाज येतो आणि माझा जीव भांड्यात पडतो.

४ नोव्हेंबर

आज मृतांचा शनिवार. दफनभूमीत सगळं गाव होतं. स्तानकामावशींबरोबर मीही शिजवलेला गहू आणि वाईन घेऊन गेले. मारिन आणि गेनाबाईंच्या कबरीवर मेणबत्ती लावली. सिमोच्याही. हात जोडून म्हटलं, माझ्याकडून अजाणता झालं. आई त्याची शेजारीच बसली होती. तिनं मला गहू दिला.

पण त्यानंतर कुणी गेलं नाही. म्हणजे तसं कुणी नाही. मन हलकं आहे. वेल्कोआजोबा मात्र खोकतात फार. दारिना त्यांना लिंडेनचा चहा करून देते, म्हणजे अर्धा सांडते आणि अर्धा देते.

१३ नोव्हेंबर

आजोबा गेले. सकाळी, खुर्चीत, पायात एकच बूट. दुसरा बूट दारिना शोधत होती.

ती रडत नाही. गप्प बसली आहे. मला ते रडण्यापेक्षा जड जातंय.

१४ नोव्हेंबर

दुकानात गेले नाही. दारिनाला एकटं सोडवेना. काकांना फोन करून सांगितलं की आजोबांचं पत्रक मी उद्या कात्रीनं करते. त्यांच्या पासपोर्टचा फोटो आहे, तोच घेते. ते हो म्हणाले.

दुपारी स्तानकामावशी वर आल्या. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर समाधान. म्हणाल्या, पत्रक इतकं सुंदर झालंय गं, पासपोर्टात तर ते चोरासारखे दिसतात. म्हणून त्यांनी फोनवरचा मिरच्यांचा फोटो पेन्चोला दिला. तो म्हणे लगेच करतो, रालित्साला कशाला त्रास. त्यांच्या भाच्यानं पत्रकं सगळीकडे लावूनही टाकली.

मी जिन्यातूनच धावत सुटले. खाली इमारतीच्या दारावरच पहिलं होतं. आजोबा हसताहेत. आणि त्यांच्या डाव्या हाताच्या कोपरात, काळ्या चौकटीच्या आत, चार छोटी बोटं.

१५ नोव्हेंबर

काकांशी भांडले. जन्मात कुणाशी इतकी भांडले नाही. मॉनिटर का लावला? तर म्हणे त्या डबीएवढ्या लॅपटॉपवर मला काय दिसतं कपाळ? मोठ्या पडद्यावर चौकट आखली, पोरगी दिसत नव्हती, छापलं. त्यांचं तरी काय चुकलं! त्या पडद्याला चकाचक करून मीच तर मिरवले होते.

त्यांना सांगून टाकलं सगळं. मारिन, सिमो, सगळं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, त्स्वेताना म्हणायची, कात्री असते ती मागे राहणाऱ्यासाठी. हे आज आठवलं त्यांना!

दारिनाला ताप आहे.

१६ नोव्हेंबर

पत्रकं फाडत हिंडले. बेकरी, शाळेचं फाटक, बसथांबा, दवाखाना. एका बाईनं मला धरलं, मेलेल्या माणसाचं पत्रक फाडतेस, लाज नाही वाटत? थुंकली माझ्या पायाशी. मी तिच्या हाताखालून ओढून फाडलंच.

शाळेच्या फाटकावरच्यात चार बोटं नव्हती. मनगट होतं. बसथांब्यावर कोपर. छापलेला कागद आहे तो, त्याला कसलं आलंय स्केलिंग —

डॉक्टर म्हणाले, साथ आहे, द्रव पदार्थ द्या. मी द्रव पदार्थ देतेय.

१७ नोव्हेंबर

फाइल उघडली. लॅपटॉपवर फोटो जसा होता तसा. मॉनिटरवर दारिना आजोबांच्या पुढ्यात आलीय, त्यांच्या छातीला टेकून. तोंड त्यांच्याकडे. मला तिची वेणी दिसते फक्त.

प्रत काढली, तीही मॉनिटरवरच्यासारखीच आली. कात्री घेतली. कुठून कापू? दोघांत फट नाही. आजोबांना वेगळं करायचं तर तिच्या पाठीतून कात्री जाते. कात्री खाली टाकली. मॉनिटर फोडावा असं वाटलं. पण तो नसेल तर ती कुठवर गेलीय हेही कळणार नाही.

फाइल पुसून टाकली. घरी आले तर ती पांघरुणात बोलत होती. आजोबांना. बूट सापडला म्हणून सांगत होती.

परत दुकानात पळाले. फाइल जागेवर होती.

१८ नोव्हेंबर

रडून काही होत नाही. विचार केला. गेनाबाईंनी एक नेला. लाझारनं एक नेला. दर वेळी एकच. म्हणजे गेलेल्याच्या शेजारी एकाचीच जागा असते. ती भरली की बाकीच्यांना सोडत असतील.

त्या फोटोत मीही आहे.

उजव्या बाजूला. त्याच फोटोत, त्याच भिंतीला टेकून. चौकट उजवीकडे न्यायची, दारिनाच्या बाजूला आजोबांच्या खांद्यापाशी थांबवायची, आणि मला आत घ्यायचं. पुरी. चेहऱ्यासकट. तीच पत्रकं छापायची आणि जिथं जिथं आहेत तिथं तिथं वरून चिकटवायची.

काका म्हणाले, पोरी, तुला कळतंय का काय करतेस? म्हटलं, कळतंय. ते ढसाढसा रडले. मग त्यांनीच खळ कालवली.

स्तानकामावशींना सांगून ठेवलंय की मला काही झालं तर दारिनाच्या बापाला फोन करायचा. त्या म्हणाल्या, वेडी झालीस, दुःखानं असं होतं. मी त्यांच्या गळ्यात पडले.

१९ नोव्हेंबर

सगळी लावली. आमच्या घराच्या दारावरही. आजोबा आणि शेजारी मी, काळ्या चौकटीत, हसत. लोक थांबून बघतात, माझ्याकडे बघतात, क्रूसाची खूण करतात. करा.

ताप उतरला! कपाळ गार. सूप मागितलं, वर भाकरी मागितली, आणि विचारलं, आई, तुझे हात एवढे गार का आहेत.

मॉनिटरवर पाहिलं. तिची वेणी गेली. ती आजोबांच्या पुढ्यात नाही. चौकट काढून अख्खा फोटो पाहिला, डावी बाजू रिकामी. सुटली. माझं पोर सुटलं!

२० नोव्हेंबर

मला उभं राहवत नाही. श्वास घेतला की आत पाणी हलल्यासारखं होतं. पण भीती वाटत नाही. खरंच नाही वाटत. ती शेजारच्या खोलीत गाणं म्हणतेय.

डावी बाजू रिकामी होती, हे मात्र मनातून जात नाही. फोटोतून सुटली तर ती मूळ जागी दिसायला हवी ना? आजोबांच्या हाताला. लोंबकळलेली. तिथंही नव्हती. मग —

काकांना फोन केला. म्हटलं, मॉनिटर लावा आणि सांगा, कोण कोण दिसतंय. त्यांनी पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

२१ नोव्हेंबर

गाणं थांबलंय.

घराच्या दारापर्यंत भिंत धरत गेले. पत्रक तिथंच. आजोबा. मी. आणि माझ्या उजव्या बाजूला, जिथं फोटोत नुसती भिंत होती —

माझ्या कोटाला धरून उभी आहे. वर माझ्या तोंडाकडे बघतेय.

जागेचा प्रश्नच नव्हता. मारिन बायकोकडे गेला. सिमो भावाकडे. जिथं जीव असतो तिकडं — आणि तिचा माझ्यात. माझ्याच पायानं मी आत गेले, मग ती मागे यायची राहील का? कशी राहील! आईच आत —

कात्री. माझा हात कापला तरी चालेल, ती सुटायला हवी. तिच्या बोटांच्या आणि माझ्या कोटाच्या मध्ये एवढीशी फट आहे, एका केसाएवढी, आत्ता दिसतेय, आत्ता आहे —

दारिना उठून आली. अनवाणी. अंग तव्यासारखं. माझ्या कुशीत शिरली आणि म्हणाली, आई, मला इथंच राहू दे.

जा म्हटलं. ओरडले तिच्यावर. मावशींकडे जा. खाली जा. ती आणखी घट्ट —

डाव्या हातात कात्री, उजव्यात हे पेन. दारावरचं पत्रक काढून मांडीवर घेतलंय. तिचा श्वास माझ्या मानेवर लागतोय, हळूहळू, मध्येच थांबून. फट बारीक होतेय. दारिना, हात सोड. सोड ना गं, सोन्या. आईचं ऐक, एकदाच, हात —